एकवीस गोळ्या आणि पहिला घोट

देवेशच्या आतड्यात अमिबा राहायला आले, तेव्हा मृणालीला त्याच्या घरी राहायला येऊन सहा आठवडे झाले होते. दोघांपैकी अमिबा लवकर रुळले.

मृणाली अजून पाहुणीच होती. टेमघरातल्या त्या दोन खोल्यांत ती अशा हलक्या पावलांनी वावरे, की जणू हे घर कुणाकडून तरी उसने आणले आहे आणि ओरखडा न पाडता परत करायचे आहे. पंखा लावायचा असला तरी विचारी, "अहो, लावू का?" समोरच्या गाळ्यातला यंत्रमाग पहाटे पाचपासून खडखडायला लागे, पण झोप कशी लागली असे विचारले की ती म्हणे, "छान लागली." चहा छान होता, गादी छान होती, शेजार छान होता. सहा आठवड्यांत तिने एकही तक्रार केली नव्हती, आणि गोदामातले मित्र याबद्दल देवेशचा हेवा करत. देवेश मात्र मनातून झुरत होता. माणूस तक्रार आपल्या घरात करतो. परक्या घरी तो सगळे छान आहे असेच म्हणतो, एवढे त्याला कळत होते. तिला हे घर आपले वाटावे, यापलीकडे त्याला आयुष्यात सध्या काही नको होते. आणि नेमक्या अशा नाजूक काळात त्याला आव पडू लागली.

घरात एकच शौचालय होते आणि त्याचे प्लॅस्टिकचे दार थेट स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी उघडे. नवविवाहितांसाठी घर बांधताना दारांच्या जाडीचा विचार का होत नाही, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राने आजवर टाळला आहे. यंत्रमाग चालू असेपर्यंत निभावत असे. मागाच्या खडखडाटात बाजूला ट्रक उलटला तरी ऐकू येत नाही, तिथे देवेशच्या पोटाची काय कथा. पण शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी टेमघरावर अशी शांतता उतरे, की डबीतून खडीसाखर काढली तरी शेजारी समजावे. पहिल्याच शुक्रवारी तो पोट आवळून आत गेला आणि त्याच क्षणी मृणालीने टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम एवढ्या मोठ्याने लावला, की पुरणाला चटका कसा द्यावा हे अर्ध्या चाळीला कळले. देवेशने आतल्या आत देवाचे आभार मानले. हिला स्वयंपाकाची फारच आवड दिसते, असे त्याने मनाशी नोंदवले.

घरचे एक वेळ जमले, पण गोदामात कठीण होते. ज्या गोदामात तो आवक-जावक पाही, तिथे स्वच्छतागृहाची किल्ली एका लाकडी ठोकळ्याला बांधून दारावरच्या दुबेजींपाशी ठेवलेली असे. ती नेताना नोंदवहीत नाव, वेळ आणि सही करावी लागे, परत करताना पुन्हा वेळ आणि सही. दुबेजी नियमाचे पक्के. देवेशच्या कपाळावर घाम डवरलेला असताना ते शांतपणे म्हणत, "साहब, मिनट भी लिखिए. खाली दस बजे नहीं चलेगा." एका मंगळवारी दुपारी तीनपर्यंत अकरा नोंदी झाल्या, आणि ती वही घेऊन व्यवस्थापक मितेश त्याच्या टेबलापाशी आला.

"देवेशभाई, खरं सांग," तो आवाज खाली आणून म्हणाला, "दुसरीकडे नोकरी बघतोयस ना? आत जाऊन फोनवर मुलाखती देतोस."

अकरा मुलाखती देऊनही कुठे निवड होत नसेल, तर त्या माणसाची कीव करायला हवी, असे देवेशला सुचले, पण तो फक्त म्हणाला, "पोट बरं नाही."

"मग रजा टाक. कारण लिहून."

रजेचा अर्ज मोबाइलवर भरायचा होता. कारणांची यादी तयार होती : ताप, अपघात, विवाह, प्रसूती, मृत्यू, इतर. देवेशने 'इतर' निवडले. तेव्हा खुलाशासाठी एक चौकट उघडली आणि खाली बारीक अक्षरांत सूचना आली, की हा खुलासा विभागातील सर्व सहकाऱ्यांना दिसेल. त्याने बराच वेळ विचार केला आणि 'ताप' निवडला.

शेजारपाजाऱ्यांना तर कळणारच नाही, अशी त्याची खात्री होती. पण खालच्या मजल्यावरच्या सुवर्णाकाकूंच्या भिंतीतून त्याच्या शौचालयाचा नळ खाली जात असे, ही गोष्ट त्याने विचारात घेतली नव्हती.

"देवेश, बाळा," काकूंनी त्याला जिन्यात अडवले, "पोट बिघडलंय का रे? नाही, आमच्या देवघरामागून पाणी जातं. काल नऊ वेळा गेलं. माझ्या जपात खंड पडतो म्हणून लक्षात राहतं."

"काकू, मृणालीला काही सांगू नका."

"मी कशाला सांगू?" काकू म्हणाल्या, आणि ज्या गोडीने म्हणाल्या, त्यावरून निदान तीन घरांत हे आधीच पोचले असावे. मग त्यांनी उपाय सांगितले. डाळिंबाची साल ताकातून घ्यायची. बेलाचा मुरंबा. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात बेंबीपर्यंत बसायचे, वर नाही, वर बसले तर उष्णता डोक्यात जाते. आणि नाक्यावर डोंगरातल्या बायका कुड्याची साल विकतात, तिचा काढा तीन दिवस. देवेशने तो काढा गोदामाच्या मागे उभे राहून घेतला. कडूपणाची अशी एक पातळी असते, की जिच्यानंतर माणसाला जगातल्या सगळ्या चुकांची क्षमा करावीशी वाटते. चौथ्या दिवशी आवेत रक्त दिसले. तेव्हा मात्र तो घाबरला आणि धामणकर नाक्यावरच्या एका माडीवरील दवाखान्याची पायरी चढला.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि फार कमी बोलत. त्यांनी पोट दाबून पाहिले आणि मलाची तपासणी लिहून दिली. "नमुना ताजा लागतो. अर्ध्या तासाच्या आत खालच्या प्रयोगशाळेत पोचव. हे जीव थंड पडले की ओळखता येत नाहीत."

टेमघरापासून धामणकर नाका अर्ध्या तासात, हे ज्याने केले आहे त्याने पुढे यावे. देवेशने सकाळी मृणालीला 'लवकरची ड्युटी आहे' असे सांगितले आणि डबी कागदात, कागद पिशवीत आणि पिशवी छातीशी धरून तो शेअर रिक्षात बसला. रिक्षावाला खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला. "एक सवारी और आने दो, सेठ." सवारी आली, ती देवेशला खेटून बसली, पिशवीकडे बघून आपुलकीने म्हणाली, "घर का खाना ले जाते हो? अच्छा है. बाहर का मत खाना, पेट खराब होता है." देवेशने मान हलवली. पुढे एक कापडाच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आडवा झाला होता आणि त्याचा चालक टेम्पोइतकाच शांत होता. एकेचाळीस मिनिटांनी देवेश प्रयोगशाळेत पोचला. खिडकीतल्या मुलीने घड्याळाकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि साऱ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "शिळा झाला. उद्या ताजा आणा."

दुसऱ्या दिवशी त्याने हात जोडून रिक्षाच्या तिन्ही जागांचे भाडे दिले आणि सव्वीस मिनिटांत पोचला. लग्नाच्या मुहूर्तालाही त्याने एवढी वेळ साधली नव्हती.

अहवाल पाहून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अमिबा आहेत. हे बघ, तुझ्या पोटात दोन प्रकारचे भाडेकरू आहेत. एक आतड्याची भिंत पोखरतात, आव त्यांच्यामुळे पडते. दुसरे कवच पांघरून गप्प पडून राहतात आणि वेळ आली की पहिल्यांसारखे वागतात. पहिल्यांसाठी मेट्रोनिडाझोल. दिवसातून तीन, सात दिवस, एकवीस गोळ्या. त्या संपल्या की दुसऱ्यांसाठी वेगळ्या गोळ्या, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी तुला बरं वाटेल आणि वाटेल की आता कशाला. सगळे तिथंच चुकतात. एकही गोळी सोडायची नाही. पाणी उकळून. घरी कोण असतं?"

"बायको."

"तिचीही तपासणी करून घे. काही त्रास नसला तरी पोटात असू शकतात. आणि तिला सांग."

शेवटचे तीन शब्द त्या एवढ्या सहज बोलल्या, की देवेशला वाटले, हेही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिले असते तर बरे झाले असते. दुकानदाराने काढून दिले असते. औषधाच्या दुकानदाराने मात्र फक्त गोळ्या दिल्या आणि रांगेतल्या लोकांना उद्देशून बजावले, "दारूचा थेंब चालणार नाही. गोळ्या चालू असताना आणि नंतर तीन दिवस. उलट्या होतील, छातीत धडधडेल." देवेश वर्षातून एकदा मित्रांच्या आग्रहाने अर्धा ग्लास बिअर घेई आणि तीही संपवत नसे. या सूचनेला तो हसला. नशीब अशा हसण्याची नोंद ठेवते.

गोळ्या त्याने जुन्या दिनदर्शिकेच्या गुंडाळीत लपवल्या. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. तोंडाला सतत पितळी कुलूप चाटल्यासारखी चव येई. त्यामुळे त्याने चहा सोडला, जेवण निम्म्यावर आणले, बोलणे तर आधीच थोडे होते, तेही आटले. रोज सकाळी तो ठरवी, की आज तिला सांगायचे. रोज सकाळी मृणाली विचारी, "अहो, चहा नको का?" आणि तो म्हणे, "नको." ती क्षणभर थांबे, मग कप उचलून नेई. तिच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे पाहताना त्याला स्वतःची चीड येई. पण आपल्या आतड्यांची हकिगत जिला सांगायची, तिच्याशी आपण अजून आवडत्या रंगाविषयीही बोललेलो नाही, हा विचार येई आणि तो चपला घालून कामाला निघे.

तिसऱ्या दिवशी खरोखरच बरे वाटले. सुवर्णाकाकूंच्या देवघरामागचे पाणी थांबले. "कुड्याचा गुण," त्यांनी जाहीर केले. "डॉक्टरच्या गोळ्या घेत असशील तर बंद कर, उगाच उष्णता." देवेशने गोळ्या चालू ठेवल्या. त्याच्या आयुष्यातले ते पहिले बंड होते आणि तेही त्याने गुपचूप केले.

पाचव्या दिवशी, रविवारी, सासुरवाडीला जायचे होते. मृणालीचे गाव वज्रेश्वरीच्या अलीकडे. लग्नानंतर जावई प्रथम जेवायला येणार म्हणून सासरे केसरीनाथ यांनी अंगणात मांडव घातला होता, दोन बोकड कापले होते आणि बावीस पुरुषांची भावकी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मांडली होती. त्या घराण्याची एक रीत होती. जावयाने पहिला घोट घेतला, की जेवणावळ सुरू. तोवर भावकीतला कुणीही ग्लासाला शिवायचा नाही. देवेशला ही रीत कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्याची वेळ घराण्यात कधी आलीच नव्हती. आजवरच्या जावयांपैकी एकानेही कुणाला थांबवून ठेवले नव्हते.

केसरीनाथ तांब्याचे ताट घेऊन आले. ताटात हळदकुंकू आणि दारूने काठोकाठ भरलेला ग्लास.

"घ्या, जावय. तुमचा मान हाय."

देवेशने ग्लासाकडे पाहिले. त्याच्या पोटात तेरा गोळ्या होत्या. "मी आज घेत नाही. शनिवार करतो."

"आज आयतवार हाय."

"हो. म्हणजे, दोन्ही करतो."

बावीस जणांनी एकमेकांकडे पाहिले. समोर रश्शाची वाटी वाफाळत होती आणि तिच्यातले हाड उपासाच्या या दाव्याशी सुसंगत नव्हते.

"डॉक्टरांनी नको म्हटलंय," देवेश पुटपुटला.

"का? काय झाला?"

"तसं विशेष काही नाही."

वैद्यकशास्त्रात 'तसं विशेष काही नाही' याइतके भयंकर निदान दुसरे नाही. पहिल्या खुर्चीवर ते साखर झाले. चौथ्या खुर्चीवर काळीज. नवव्या खुर्चीवर कुणाच्या तरी मेहुण्याने देवेशला मुंबईच्या मोठ्या इस्पितळाबाहेर पाहिल्याचे आठवले. बाविसाव्या खुर्चीवरून ही बातमी स्वयंपाकघरात गेली, तेव्हा त्याची एक किडनी निकामी आणि दुसरी नाइलाजाने चालू होती. आतून भांडे पडल्याचा आवाज आला.

"लगीन जमवताना सांगाया नको व्हता?" एक थोरले चुलते मांडवाच्या छताकडे बघत म्हणाले. "पोरीला फसवली म्हंजे."

केसरीनाथांनी ताट खाली ठेवले. एवढा भरदार माणूस. पण खुर्ची ओढून ते देवेशसमोर अगदी कडेवर टेकले. "देवेशराव," ते हळू आवाजात म्हणाले, "मना एकच पोर हाय. जा काय असंल ता आता सांगा. मी रागावनार न्हाय. पन सांगा."

देवेशने मान वर केली. माजघराच्या उंबऱ्यात मृणाली उभी होती. तिच्या मावशीने तिचे मनगट धरले होते, आणि मागे पाचसात बायका तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती नजर त्याला ओळखीची होती. ती कीव होती. आपली लाज राखता राखता आपण ही कीव तिच्या वाट्याला दिली, हे त्याला स्पष्ट दिसले. शाळेत कविता म्हणायला उभे केल्यावर जो देवेश बाक धरून रडला होता, तो उभा राहिला.

"मला आव झाली आहे," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "अमिबामुळे. दिवसाला अकरा वेळा जात होतो. गोळ्या चालू आहेत, त्या असताना दारू चालत नाही. बाकी मला काही झालेलं नाही. मृणालीचीही तपासणी करायला सांगितलंय, आणि ते मी तिला पाच दिवस सांगितलं नाही. मला लाज वाटली. चूक माझी आहे."

मांडवात एवढे शांत झाले, की रश्शावरचा तवंग हलताना ऐकू यावा. मग कोपऱ्यातल्या सर्वांत वृद्ध चुलत्यांनी घसा खाकरला.

"अकरा?" ते तुच्छतेने म्हणाले. "मी सतरा वेला जायचो. भात कापनीच्या वक्ताला. शेत माझा आन बांद पन माझा."

बांध फुटावा तसा मांडव हसला. केसरीनाथांनी दोन्ही हातांनी तोंड पुसले आणि त्या निमित्ताने डोळेही. ज्याला त्याला आपापले पोट आठवले. कुणी हळदीतले बर्फाचे ताक सांगितले, कुणी कुंडात बसून वाढलेला त्रास. एका तरुण काकांनी मात्र मूळ विषय सोडला नव्हता. "पन मी काय म्हनतो, दारूनं किडं मरतात. घ्या एक, आतल्या आत सगला साफ."

"न्हाय, काका."

मृणाली अंगणात आली होती. देवेशने तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याच्या घरातली ती जपून बोलणारी मुलगी कुठे तरी उंबऱ्याआड राहिली होती. "त्यांच्या तेरा गोल्या झाल्यान, आठ राह्यल्यान. मंगलवारी रातच्याला संपतील. त्याच्यावर तीन दिस. तवर कोनी आग्रव करायचा न्हाय." तिने हातातला पेला देवेशच्या हातात दिला. "रीत घोटाची हाय ना? घ्या घोट. उकललेला पानी हाय, मी घरून आनलाय."

हा पेच घराण्यात नवा होता. केसरीनाथांनी वृद्ध चुलत्यांकडे पाहिले. चुलत्यांनी बराच वेळ, न्यायाला शोभेल असा, विचार केला. "घोट जावयाचा," ते शेवटी म्हणाले. "ग्लासान काय हाय, ता आपले बापजाद्यांनी सांगितलेला न्हाय."

देवेशने पाण्याचा घोट घेतला. बावीस जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बावीस ग्लास एकदम उचलले गेले.

परतीच्या बसमध्ये दुपारचे ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर पडले होते. 

"तुला तेरा कसं माहीत?" त्याने विचारले.

"दिनदर्शिका झाडताना पाकीट पडलं. दुकानात दाखवून पथ्य विचारून आले. रोज मोजत होते, सोडताय की काय म्हणून." ती बाहेर बघत होती. "आणि दार पातळ आहे. मला तो पाककृतींचा कार्यक्रम मुळीच आवडत नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आजाराचं काही वाटलं नाही मला," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पण तुम्ही चहा सोडला. बोलणं सोडलं. सकाळी माझ्याकडे बघायचात आणि काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं करायचात. मला वाटलं, मी घरात नकोय तुम्हाला, आणि कसं सांगावं ते सुचत नाहीये."

बस वळणावर हेलकावली. देवेशला पुष्कळ सांगायचे होते. त्याने फक्त तिच्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि तिने ती घेऊ दिली.

सोमवारी तो तिला प्रयोगशाळेत घेऊन गेला. रिक्षाच्या तिन्ही जागा त्याने न सांगता घेतल्या. तिच्या पोटात कवचवाले सापडले, गप्प पडून राहणारे. तिला त्रास नव्हता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी फक्त दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या दिल्या, दहा दिवसांच्या. मंगळवारी देवेशच्या एकवीस पूर्ण झाल्या आणि बुधवारपासून दोघे एकाच जातीच्या गोळ्यांवर आले. या गोळ्यांनी पोटात वायू धरतो, हे त्यांना आधीच सांगितलेले होते. त्याविषयी इतकेच नोंदवावे, की त्या आठवड्यानंतर दोघांत लपवण्यासारखे फारसे काही उरले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता दोघे ओट्यापाशी पेले घेऊन उभे होते. देवेशची गोळी सरळ उतरली. मृणालीची घशात आडवी झाली. तिने तीन घोट पाणी घेतले, डोळे घट्ट मिटले, आणि सगळा चेहरा लिंबासारखा पिळून निघाला.

"कसली भिकार गोळी आहे ही," ती म्हणाली.

देवेशने पेला खाली ठेवला.

"आणि हा पेला. याला मासळीचा वास येतो, कितीही घासला तरी. बदला तो." ती आता थांबेना. "ती खिडकी अर्धीच लागते, धूळ सगळी माझ्या उशीवर येते. गादी मधोमध खचलीये. सुवर्णाकाकू दार न वाजवता आत येतात आणि डब्यांची झाकणं उघडून बघतात. तुमचा ओला टॉवेल रोज माझ्या साडीवर असतो. रोज. आणि तो दूधवाला पाणी घालतो हे तुम्हाला लग्नाच्या आधीपासून माहीत असणार."

देवेशने कशाचाच बचाव केला नाही. त्याने स्टूल ओढले, तिला बसायला दिले, दुसरे स्वतःसाठी ओढले आणि गुडघ्यावर हात ठेवून, सत्यनारायणाची कथा ऐकायला बसावे तसा, समोर बसला.

"अजून?" त्याने विचारले.

"अजून पुष्कळ आहे."

"सांग," तो म्हणाला. "पुढची गोळी दोन वाजता आहे."